बर्फात चालणारी पट्ट्याची गाडी भंगारातून बनवायची आहे, पल्सरचं इंजिन चालेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत लिहितो, म्हणजे मला नीट समजलाय का ते तुम्हालाही कळेल. हिमाचलमधल्या स्पितीत एका गावात तुमच्या मेहुण्याचा होमस्टे आहे, जानेवारी-फेब्रुवारीत गावापासून मेन रोडपर्यंतचा चार किलोमीटरचा फाटा बर्फाने बंद होतो, गॅस सिलिंडर, भाजी, रॉकेल सगळं पाठीवर आणावं लागतं आणि गेल्या हिवाळ्यात शेजारच्या म्हातारीला चौघांनी खाटेवर घालून रोडपर्यंत आणलं. कळव्यात तुमचं वेल्डिंगचं दुकान आहे, १५० सीसी पल्सरचं चालू इंजिन पडून आहे, हातात ऐंशी हजार आहेत. विचारताय की हे इंजिन पुरेल का आणि पट्टा कुठे मिळेल.

मी रबाळे एमआयडीसीत कन्व्हेयर बनवतो, चोवीस वर्षं झाली. पट्ट्याच्या दोन गाड्या बनवल्यात, दुसरी लाहौलमध्ये एका गावात दोन हिवाळे चालली आणि तिच्याबरोबर मी स्वतः फेब्रुवारीत बारा दिवस राहून आलोय. त्यामुळे जे लिहितोय ते हात घालून बघितलेलं आहे.

तुम्ही इंजिनपासून सुरुवात केलीत, सगळेच करतात, मीही पहिल्या गाडीला तेच केलं होतं. पण बर्फावर गाडी ताकद कमी पडली म्हणून अडकत नाही, ती रुतते म्हणून अडकते. ताजा पडलेला बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, म्हणजे त्यात नव्वद टक्के हवाच असते, तो वजन पेलतच नाही. म्हणून पहिला प्रश्न असा की गाडी जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला किती भार टाकणार. माणूस चालताना एका पायावर येतो तेव्हा सत्तर किलो भागिले बुटाचा तळ अडीचशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.२८ किलो, आणि तो मांडीपर्यंत आत जातो. कारच्या टायरखाली हा आकडा दोनच्या वर असतो. फॅक्टरीची स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी पट्ट्याची छोटी गाडी, ०.०३५ च्या आसपास असते. आपल्याला ०.०४ ते ०.०५ मध्ये बसायचंय, बाकी सगळं डिझाइन या एका आकड्यातून निघतं.

माझ्या दुसऱ्या गाडीचं गणित सांगतो, तुमच्या कामाला तेच माप बसेल असं वाटतं. रिकामी गाडी ३०० किलो, दोन माणसं आणि सामान धरून २००, एकूण ५००. प्रत्येक पट्टा ४० सेंटिमीटर रुंद आणि बर्फाला टेकणारी लांबी दीड मीटर, म्हणजे दोन पट्टे मिळून १२,००० चौरस सेंटिमीटर. भागाकार ०.०४२. झालं. आता यात गाडी १०० किलोने जड झाली की ०.०५ येतो आणि भुसभुशीत बर्फात लगेच फरक जाणवतो, म्हणून वेल्डिंगवाल्या माणसाला माझी पहिली विनंती हीच की मजबुतीच्या नावाखाली लोखंड घालू नका. आपल्याकडे गेटसुद्धा चार माणसं उचलतील असं बनवायची सवय असते. इथे चाळीस बाय चाळीसचा दोन एमएम स्क्वेअर पाइप पुरतो, मीटरला सव्वादोन-अडीच किलो, तीस मीटर लागला तरी सत्तर-पंचाहत्तर किलोत फ्रेम उभी राहते. ताकद पाइपच्या जाडीतून आणू नका, तिरक्या सपोर्टमधून आणा.

आता पट्टा. नव्या मुंबईच्या आसपास खडीच्या क्रशरवरचे जुने कन्व्हेयर बेल्ट भरपूर मिळतात आणि तुम्ही तेच आणाल, कारण स्वस्त असतात आणि बघायला दणकट. आणू नका. क्रशरचा बेल्ट चार प्लायचा, म्हणजे आत कापडाचे चार थर असलेला, दहा-बारा एमएम जाड असतो, त्याला वळायला मोठा ड्रम लागतो. आपलं स्प्रॉकेट, म्हणजे पट्टा फिरवणारं दातेरी चाक, पंचवीस सेंटिमीटरचं, त्यावर तो बेल्ट दर फेरीला जबरदस्तीने वाकवावा लागतो, अर्धी ताकद त्यातच जाते आणि काही दिवसांत प्लाय सुटायला लागतात. दोन प्लायचा, सहा-सात एमएमचा रबरी बेल्ट शोधा, गोडाऊन आणि रेडीमिक्स प्लांटच्या हलक्या लाइनवर तो असतो. आणि तो रबराचाच असू द्या. भंगारात हिरवा-पांढरा गुळगुळीत पीव्हीसी बेल्ट पण दिसतो, वजनाला हलका, स्वच्छ, मोह पडतो, पण पीव्हीसी थंडीत कडक होतो आणि तिकडे सकाळी उणे पंधरा म्हणजे रोजचंच.

बेल्टवर आडव्या पट्ट्या मारायच्या, ज्या बर्फात रुतून गाडीला पकड देतात. दर दहा सेंटिमीटरला एक, पट्ट्याचा वेढा साधारण चार मीटर, म्हणजे एका बाजूला चाळीस आणि दोन्ही मिळून ऐंशी. पहिल्या गाडीला मी चाळीस बाय चाळीस बाय पाचचा एमएस अँगल वापरला, मीटरला तीन किलो, म्हणजे चाळीस सेंटिमीटरचा तुकडा एक किलो दोनशे ग्रॅम. ऐंशी तुकडे म्हणजे ९६ किलो, आणि हे वजन नुसतं वाहायचं नसतं, ते सतत गरागरा फिरवत ठेवायचं असतं. तोच अँगल अॅल्युमिनियमचा घेतला तर एकूण ३२-३३ किलो. पैसे जास्त जातात, पण या गाडीत पैसे घालायची खरी जागा हीच आहे. प्रत्येक तुकड्याला चार एम-८ (आठ एमएम) बोल्ट धरले तर ३२० बोल्ट होतात, सगळे हादऱ्याने न सुटणाऱ्या नायलॉक नटचे, आणि बेल्टच्या आतल्या बाजूला नुसता वॉशर न घालता लांब पट्टी घाला, नाहीतर बोल्ट रबर फाडून बाहेर येतो. भोकं हातानं मार्किंग करून मारू नका. एक जिग बनवा, प्लेटमध्ये बुश बसवून, आणि त्यातूनच सगळी मारा. एक सूत जरी फरक पडला तरी स्प्रॉकेटचा दात पुढच्या पट्टीवर चढतो.

जोड कसा द्यायचा हे पण विचाराल. दोन्ही टोकं तासून अर्ध्या जाडीची करायची, एकावर एक ठेवायची, चिकटवायची आणि तीन पट्ट्यांचे बोल्ट त्या जोडातूनच न्यायचे. मी लाहौलला नेलेले दोन्ही जोड असेच होते, दोन हिवाळ्यांत एकही सुटला नाही.

स्प्रॉकेटबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो कारण इथे मी फसलोय. पहिल्या गाडीचं स्प्रॉकेट मी आठ एमएम प्लेटचं भरीव कापलं होतं, लेथवाल्याने सुंदर फिनिश करून दिलं. ती गाडी ज्यांच्यासाठी केली त्यांनी मनालीच्या वर नेऊन चालवली, पहिल्या दिवशी अर्धा तास मस्त चालली, मग पट्टा ताणत गेला, ताणत गेला आणि टेक-अपचा, म्हणजे पट्ट्याचा ताण ठेवणारा, स्क्रू वाकला. मला फोटो आला तेव्हा कळलं. दातांच्या मधल्या खाचेत बर्फ जाऊन बसतो, पुढच्या फेरीला पट्टा तो दाबतो, परत नवा बर्फ, परत दाब, असं करत खाच पूर्ण भरते, वाटीत भात दाबून मूद पाडावी तसा घट्ट गोळा बसतो, स्क्रू ड्रायव्हर ठोकला तरी कपची निघते फक्त. स्प्रॉकेटचा व्यास वाढला, पट्टा तेवढाच राहिला, मग काहीतरी वाकणारच. दुसऱ्या गाडीला मी पिंजऱ्यासारखं स्प्रॉकेट केलं, दोन पातळ रिंगा, मध्ये मोकळं, आणि दात यूएचएम नावाच्या प्लास्टिकच्या पांढऱ्या शीटमधून कापलेले. त्या प्लास्टिकला बर्फ धरत नाही आणि जो आत येतो तो मधल्या मोकळ्या जागेतून पडून जातो. आठ दात, दोन दातांमध्ये दहा सेंटिमीटर, एका फेरीत ८० सेंटिमीटर चाल.

हा काही आपलाच त्रास नाही. कॅनडातल्या क्युबेकचे जोसेफ-आर्मांड बोम्बार्डिए, ज्यांच्या कंपनीने पुढे १९५९ साली स्की-डू ही स्नोमोबाइल आणली, ते गॅरेज चालवणारे मेकॅनिकच होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा गेला, पोटात इन्फेक्शन झालं होतं आणि बर्फामुळे त्याला हॉस्पिटलला नेता आलं नाही. त्यानंतर त्यांनी जे काम तडीस नेलं आणि १९३७ साली ज्याचं पेटंट मिळालं ते इंजिनाचं नव्हतं, रबर मढवलेलं दातेरी चाक आणि रबर-कापडाचा पट्टा, एवढंच होतं. तुमचा खाटेवरच्या म्हातारीचा किस्सा वाचला तेव्हा मला पहिले तेच आठवले.

आता तुमच्या पल्सरकडे येतो. १४ हॉर्सपॉवर कागदावर छान दिसतात, पण त्या इंजिनाला रिव्हर्स नाही, डिफरेन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही, आणि ते वाऱ्यावर थंड होणारं आहे. ताशी सहा किलोमीटरने फुल लोडवर चढाला लावलं की बाहेर कितीही थंडी असो, हेड तापतं. माझा सल्ला, पल्सर विकून टाका आणि भंगारातल्या चार-स्ट्रोक रिक्षाचा मागचा भाग घ्या. ठाण्यात याची कमी नाही. त्यात ब्लोअरचा फॅन आहे, चार गिअर आणि रिव्हर्स आहे, आणि डिफरेन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच आहे, दोन बाजूंना दोन शाफ्ट तयार. आपल्याकडच्या रिक्षा सीएनजीवर चालतात, तिकडे सीएनजी नाही, म्हणून पेट्रोलचा कार्ब्युरेटर शाबूत आहे का ते घेतानाच बघा. आणि गाडीची आरसी रीतसर रद्द झालेली असू दे, पावती घ्या, नुसतं ओळखीवर उचलू नका.

रिक्षाचा मागचा टायर एका फेरीत साधारण १३० सेंटिमीटर जातो, आपलं स्प्रॉकेट ८०, म्हणजे रिक्षा जिथे ५० ने पळेल तिथे आपण ३० ने. वेगळी चेन, वेगळं रिडक्शन काही लागत नाही, स्प्रॉकेट सरळ हबवर.

वळवायचं कसं, तर रिक्षाला मागे डाव्या-उजव्या चाकाला ड्रम ब्रेक असतात पण दोन्ही एकाच लाइनवर. ती लाइन तोडायची, ब्रेकला तेलाचा दाब देणारे दोन मास्टर सिलिंडर बसवायचे आणि दोन लिव्हर. डावा ओढला की डावा पट्टा थांबतो, डिफरेन्शियल सगळा वेग उजवीकडे टाकतं, गाडी डावीकडे वळते. एखादा पट्टा जागीच गरगरायला लागला तरी त्याच बाजूचा ब्रेक हलका धरला की दुसरा ओढायला लागतो. यात एक अट आहे. टेकणारी लांबी भागिले दोन पट्ट्यांच्या मध्यांमधलं अंतर हे दीडच्या आसपास ठेवा, १.८ च्या वर गेलं की गाडी वळायचंच नाव घेत नाही. दीड मीटर लांबीला एक मीटर अंतर बरोबर बसतं, एकूण रुंदी १४० होते, पिकअपमध्ये आरामात जाते. आणि खोल बर्फात जागच्या जागी वळू नका, मोठा वळसा घ्या. मी पाचव्या दिवशी उतारावर घाईत वळलो, चाक आणि पट्टा यांच्यामध्ये बर्फ शिरला आणि पट्टा उतरला. टॉमी घालून परत चढवायला दीड तास गेला, हातमोजे काढल्याशिवाय नट धरता येत नव्हता आणि काढले की बोटं बधिर. परत आल्यावर मी पहिलं काम काय केलं तर आतल्या लांब पट्टीला दोन शिंगं वेल्ड केली, चाकांच्या जोडीच्या मधून जातील अशी, आणि टेक-अपला स्प्रिंग घातली. नंतर पट्टा उतरला नाही.

पट्ट्याच्या आत फिरणारी चाकं ट्रॉलीची आठ इंची रबरी घ्या, एका बाजूला पाच जोड्या. पुढचा आयडलर, म्हणजे पट्टा जिथून वळतो ते मोकळं चाक, जमिनीपासून चांगला वर ठेवा, फूटभर तरी, म्हणजे पट्टा तिरका वर चढत जाईल. पुढचा भाग खाली असला की गाडी बर्फावर चढत नाही, बर्फ ढकलत बसते. पोटाखाली सपाट प्लास्टिकची शीट लावा, पाइप उघडे ठेवलेत तर ते नांगरासारखे बर्फ ओढतात. इंजिन मागे येतं म्हणून माणसं आणि सामान पुढे.

ताकदीचा हिशोब राहिला. पाचशे किलोच्या गाडीला मऊ बर्फात नुसतं सरकायला वजनाच्या पंधरा टक्के धरू, ७५ किलो ओढ. पाचाला एक असा चढ असेल तर आणखी १००. ताशी दहा किलोमीटरने १७५ किलो ओढायला साडेसहा हॉर्सपॉवर लागतात. रिक्षाचं इंजिन दहाचं आहे, पण ते ठाण्यात. स्पितीतल्या काझाच्या आसपास साडेतीन हजार मीटरच्या वर हवाच इतकी विरळ की दहाचे साडेसहा उरतात, त्यातले शाफ्ट आणि पट्टा फिरवण्यात जवळपास पाव भाग जातात, हातात पाच. म्हणजे तो चढ तुम्ही सात-साडेसातने चढाल. चार किलोमीटरला अर्धा-पाऊण तास. कामाला पुरेसं आहे, पण मेहुण्याला वेगाची स्वप्नं दाखवू नका. विरळ हवेत मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, काळा धूर येतो, म्हणून कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारे दोन-तीन लहान मेन जेट बरोबर न्या आणि तिथेच बदलून बघा. हाताच्या लिव्हरने स्टार्ट होणारी जुनी रिक्षा मिळाली तर उत्तम, उणे वीसला बॅटरी अर्धीच राहते. डिझेलच्या मागे लागू नका, साधं डिझेल तिथे गोठतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत न गोठणारं डिझेल आणलं, पण त्याच्या भरवशावर फाट्यावरच्या गावात गाडी ठेवता येत नाही.

कोणी म्हणेल एवढ्याशा ताकदीत काय होणार, तर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचले ते साध्या शेतीच्या फर्ग्युसन ट्रॅक्टरवर, चाकांभोवती पट्टे चढवून. हळू गेले पण पोचले.

आता जे मी इथे बसून ठरवू शकत नाही ते. त्या फाट्याच्या वरच्या अंगाला तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार आहे का? बहुतेक हिमस्खलनं अशाच उतारावरून सुटतात आणि तसं असेल तर मोठ्या बर्फवृष्टीनंतर तिथून गाडीच काय, पायीसुद्धा जायचं नाही. डीआरडीओची चंडीगढची डीजीआरई संस्था हिमस्खलनाचे इशारे काढते, ते बघायची सवय मेहुण्याला लावा, आणि गावातल्या जुन्या माणसांना विचारा, कुठला नाला कधी सुटतो ते त्यांना पाठ असतं. रस्ता आडव्या उतारावरून कापत जातो का? तसं असेल तर गाडी कडेला घसरते, तिथे आधी फावड्याने वाटेपुरती सपाट पायरी करावी लागते. गाडी बिघडली तर गावात वेल्डिंग आहे का? नसेल तर सगळे बोल्ट दोनच मापांचे ठेवा, म्हणजे दोन पान्यांत काम होईल. आणि अर्धा रस्ता बीआरओने (सीमेकडचे रस्ते सांभाळणारी सरकारी संस्था) साफ केलेला असेल तर त्यावर ही गाडी आणायची नाही, तिला रजिस्ट्रेशन नाही आणि मिळणारही नाही. तिथल्या एसडीएम ऑफिसात आणि पंचायतीत लेखी विचारून ठेवा, पेशंट आणायला उपयोग होणार म्हटल्यावर लोक ऐकतात असा माझा अनुभव आहे.

बंद केबिन करू नका. थंडी वाजते म्हणून प्लास्टिक लावायचा मोह होतो, पण इंजिन मागेच आहे, धूर आत साचला तर झोप येते आणि माणूस उठत नाही. दोरीचा किल स्विच ड्रायव्हरच्या जॅकेटला बांधा, पडला की इंजिन बंद. फिरत्या पट्ट्याजवळ मुलं येतील, जाळी लावा. आणि गाडीत कायम फावडं, टॉमी आणि परत चालत येण्यापुरते कपडे.

एक गोष्ट मात्र खूप सोपी होते. एकदा गाडी त्या वाटेने गेली की दाबलेला बर्फ रात्रीत आपोआप घट्ट बसतो. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर गाडी निम्म्या आवाजात जाते, आणि माणसंसुद्धा न रुतता चालतात. म्हणून सामान नसलं तरी बर्फ पडून गेला, आकाश निवळलं की रिकामी एक फेरी मारायची. सिलिंडर मागे घसरगाडीवर ओढायचे, गाडीवर नाही, भार तेवढा वाटला जातो. लाहौलच्या गावात शेवटी असं झालं की पोरं शाळेला त्या पट्ट्याच्या वाटेनेच जायची.

इकडे टेस्ट कुठे करायची, तर रेतीच्या ढिगावर. कोरडी रेती भुसभुशीत बर्फाच्या बरीच जवळ जाते, चढणं, वळणं, पट्टा उतरणं सगळं तिथे कळतं. कळव्यात आहात म्हणून कोणी खाडीच्या चिखलात घाला म्हणेल, ते अजिबात करू नका. तिवरं आहेत, फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे, ती जागा २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, तिथे पट्टे फिरवणं गुन्हाही आहे आणि पापही.

ऐंशी हजारांत होईल का? रिक्षाचा मागचा भाग आणि बेल्ट भंगारात मिळाला, मजुरी तुमचीच असली तर जवळपास होईल, अॅल्युमिनियम आणि यूएचएम मात्र नवीनच घ्यावं लागेल आणि तिथेच बजेट ताणेल. मग गाडी मनालीपर्यंत न्यायचं भाडं वेगळं, कळंबोलीहून परतीच्या ट्रकमध्ये जागा बघा.

पुढच्या रविवारी भंगारात जाल तेव्हा इंजिन बघू नका, आधी बेल्ट बघा. आवडला तर भंगारवाल्याकडून वीतभर तुकडा मागून आणा, तो घरच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा, तिथे उणे अठरा असतं. सकाळी बाहेर काढून गार असतानाच दुमडा आणि घडीवर नखाने दाबून बघा. बारीक तडा दिसला तर दुसरा बेल्ट शोधा. नाही दिसला तर पूर्ण आठ-नऊ मीटर घेऊन टाका आणि मला रुंदी-जाडी कळवा, स्प्रॉकेटचं ड्रॉइंग मी काढून देतो.